मराठी शाळेतले मराठी आकडे पुसू नका

गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी एक मराठी प्राथमिक शाळा आहे. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण एकट्या तिला धारेवर धरायचा माझा हेतू नाही. यंदाच्या पहिल्याच पालकसभेत तिथे सांगण्यात आलं की पहिलीपासून संख्यांची नावं इंग्रजीतच शिकवली जातील, पाढे 'टू वन्झा टू' असेच म्हटले जातील आणि वहीत देवनागरी अंक चालणार नाहीत. सूचना छापील होती, खाली व्यवस्थापनाची सही होती, चर्चेला जागा ठेवलेली नव्हती. पुढे थोड्याच दिवसांत व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवलेली उजळणी, वर एक ते शंभर आणि खाली पावकी, निमकी, सवायकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीड यांचे पाढे), ताज्या रंगाखाली गेली. आता तिथे इंग्रजी आकडे आणि त्यांची स्पेलिंगं आहेत. शेजारच्या गावांतल्या पालकांशी बोललो, तर त्यांच्या शाळांतही हेच घाटत असल्याचं कळलं. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना लिहितो आहे, आणि इतरांनीही वाचावं म्हणून उघड लिहितो आहे.

माझी नात त्या शाळेत दुसरीत आहे. हा माझा पहिला संबंध. दुसरा माझ्या पेशाचा. मी तबला शिकवतो. संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत आजूबाजूच्या वाड्यांवरची मुलं येतात, त्यातली बरीचशी मराठी शाळांतलीच. तबल्याच्या मास्तराला गणिताच्या तासात लक्ष घालायचं काय कारण, असं कोणी विचारील. ते कारण सविस्तर सांगतो, कारण माझी सर्वांत मोठी तक्रार तिथेच आहे.

त्रितालाच्या सोळा मात्रा, झपतालाच्या दहा, रूपकाच्या सात. हे मोजणं कुठल्याही भाषेत जमेल. एकताल तर हाताच्या पेरांवर मोजता येतो: अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, बारा मात्रा पुऱ्या. ठाय लय, म्हणजे मूळची संथ लय, हातात बसली की दुप्पट येते, चौपट येते, आणि त्यानंतर खरं शिक्षण सुरू होतं: पाऊणपट, सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट. दीडपटीत दोन मात्रांच्या जागेत तबल्याच्या बोलांची तीन अक्षरं बसवायची. सव्वापटीत चारांच्या जागेत पाच, पावणेदोनपटीत चारांच्या जागेत सात, पाऊणपटीत चारांच्या जागेत तीनच. ज्या मुलाच्या तोंडी सवायकी आहे, म्हणजे "बे सव्वा अडीच, तीन सव्वा पावणेचार, चार सव्वे पाच" हे ज्याने सुरात घोकलंय, त्याला सव्वापट समजावून सांगावी लागत नाही. चार सव्वे पाच म्हटलं की चार मात्रांत पाच अक्षरं हे त्याला कळलेलंच असतं. उरतो तो फक्त हाताचा रियाज.

मागे एक सहावीतला मुलगा आला होता, हुशार, हात गोड. त्याला म्हटलं, सव्वा म्हणजे किती रे? जरा थांबला, मग म्हणाला, "वन पॉइंट टू फाइव्ह, सर." उत्तर बरोबर. म्हटलं, मग चार सव्वे किती? तर त्याने कागद मागितला. कागदावर गुणाकार केला, पाच आले, तेही बरोबर. पण तबल्यावर कागद चालत नाही. पाचवं अक्षर नेमकं कुठे पडतं हे त्याला ऐकू यावं लागतं, आणि ते ऐकू येण्यासाठी ती संख्या मनात एकसंध असावी लागते. 'सव्वा' हा एक उच्चार आहे, एक माप आहे. 'वन पॉइंट टू फाइव्ह' ही चार उच्चारांची ओळ आहे, तिच्यातून त्याला माप जाणवेना. त्या मुलाला सव्वापट यायला जो वेळ लागला तो त्याच्या बुद्धीमुळे लागला नाही. त्याच्या हातून एक हत्यार काढून घेतलं गेलं होतं.

याच गोव्यात लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर होऊन गेले. दोन हात आणि दोन पाय यांवर वेगवेगळे ताल एकाच वेळी धरून दाखवणारा हा माणूस भल्याभल्या गवयांना थक्क करून गेला. त्या लयकारीची बोलायची भाषा पाव, पाऊण, सव्वा, दीड हीच आहे. देवळादेवळांत भजनाला बसणारी आपली माणसं आजही याच भाषेत एकमेकांना लय सांगतात. ही नावं शाळेने सोडली तर ती शिकवायची कुणी? घरी आई-बाप दोघेही कामाला जातात.

आणि तबलाच कशाला? बाजारात अडीच किलो, पाऊण मीटर, दीडशे, सव्वातीनशे, घड्याळात पावणेसहा, पावसाळ्यात "दीड महिना झाला, थांबत नाही" हे सगळं आपण दिवसभर बोलतो. इथली कोकणी बोलणारी गिऱ्हाईकं 'देड' आणि 'अडेज' म्हणतात, आम्ही दीड आणि अडीच म्हणतो, व्यवहार अडत नाही. आता मात्र नातीला "पावणेसातला ये" असं सांगितलं तर ती सात वाजून गेल्यावर येते. तिच्या वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीच्या आईनेही मला हेच सांगितलं. हे शब्द मराठी घरात जन्मलेल्या मुलांना कळेनासे होणं, आणि तेही मराठी शाळेत जाऊन, हे मला गप्प बसून सहन होत नाही.

आता तुमच्या कारणांकडे येतो. ती खोटी आहेत असं मी म्हणत नाही.

पालकसभेत सांगितलं गेलं की मराठी संख्यानामं कठीण आहेत. खरं आहे, कठीण आहेत. इंग्रजीत वीसपर्यंतची नावं आणि दहाच्या पटीतली नावं पाठ केली की शंभरपर्यंत मजल जाते. मराठीत एक ते शंभर जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं. एकट्या दोनाची रूपं बघा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत पुढच्या दशकातून एक वजा करत जायचं, आणि नव्व्याण्णवला येऊन तो नियमही मोडायचा. त्यात बोलताना एकक आधी आणि दशक नंतर, लिहिताना उलट. सत्तावन्न ऐकल्यावर मुलाच्या कानावर आधी सात पडतो, म्हणून ते आधी ७ लिहितं आणि मग ५, आणि होतात ७५. माझ्या नातीच्या वहीत हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. शिक्षकांचा जीव मेटाकुटीला येतो हे मला मान्य आहे.

पण ही अडचण एकट्या मराठीची नाही, आणि इतर समाजांनी तिच्यावर काय केलं हेही बघायला हवं. जर्मन माणूस एकवीसला 'एक-आणि-वीस' म्हणतो. अरबीतही एकक आधी. फ्रान्समध्ये सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. शेजारच्या बेल्जियममध्ये तीच फ्रेंच बोलणारे लोक नव्वदला सरळ वेगळा शब्द वापरतात. वेल्सच्या जुन्या मोजणीत एकोणीस म्हणजे 'पंधरावर चार' आणि अठरा म्हणजे 'दोन नऊ'. डेन्मार्कची गोष्ट तर आपल्या सर्वांत जवळची: तिथे पन्नासचं नाव 'अडीच वेळा वीस' या हिशेबावर बेतलेलं आहे, सत्तरचं 'साडेतीन वेळा वीस' आणि नव्वदचं 'साडेचार वेळा वीस'. अपूर्णांकाने गुणून पूर्णांकाचं नाव ठेवणारे हे लोक. नायजेरियातल्या योरुबा भाषेत पंचेचाळीस म्हणजे 'पन्नासला पाच कमी', अगदी आपल्या एकोणपन्नासच्या वळणाचं. जुन्या लॅटिनमध्ये अठराला 'वीसला दोन कमी' म्हणत. उलट चिनी भाषेत 'दोन-दहा-एक' म्हटलं की एकवीस झाले, पाठ करण्याचं ओझं फारच थोडं.

म्हणजे सोपी पद्धत जगात आहे आणि अवघडही आहे. अवघड पद्धतीच्या लोकांनी ती सोपी करायचा प्रयत्नही केला. नॉर्वेत टेलिफोनचे नंबर लांब झाले, ते सांगताना 'एक-आणि-वीस' या उलट्या क्रमामुळे चुका होऊ लागल्या, म्हणून तिथल्या संसदेने निर्णय घेतला आणि १९५१ पासून सरकारी मोजणी 'वीस-एक' अशी झाली. जुनी पद्धत घराघरांत त्यानंतरही टिकली, आजही ऐकू येते. वेल्समध्ये शाळेत आता दशमान नावं शिकवतात, तीही वेल्श शब्दांचीच. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांचा आणि उलट क्रमाचा मुलांना होणारा त्रास हे कारण पुढे केलं होतं. त्या बदलावर माझं स्वतःचं मत असं की 'सत्तर तीन' ही पायरी म्हणून चांगली आहे, मुक्काम म्हणून नाही. पण त्या वादात दोन्ही बाजूंचे लोक मराठीच बोलत होते, मराठी मुलाला मराठीत मोजणं सोपं कसं होईल एवढाच प्रश्न होता. नॉर्वेने नॉर्वेजियन मोजणी टाकून इंग्रजी घेतली नाही. वेल्सनेही नाही, आणि तिथे तर इंग्रजी घराबाहेर पडलं की समोर उभी आहे. तुमच्या सूचनेत अडचण सोडवलेली नाही, अडचणीसकट भाषाच बाजूला केली आहे.

शिवाय इंग्रजीने मुलाची सुटका होते हेही खरं नाही. तेरा ते एकोणीस इंग्रजीतही एकक आधीच येतो. 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' आमच्या मुलांच्या कानाला सारखे लागतात, वर्गाच्या शेवटच्या बाकावर तर हमखास. सत्तावन्नला ७५ लिहिणारं मूल 'सिक्स्टीन' ऐकून ६१ लिहितं. मग सुटलं काय?

दुसरी तक्रार अंकांची. "देवनागरी अंकांमुळे मुलं गोंधळतात" असं सूचनेत आहे. देवनागरी १ इंग्रजी नवासारखा दिसतो, ४ हा इंग्रजी आठासारखा, आणि ५ पाहून मूल चार म्हणतं. हा गोंधळ होतो. पण आखाती देशांत नोकरी केलेली माणसं गोव्याच्या गावागावांत आहेत, त्यांना विचारा. कुवेतच्या नोटेवर एका बाजूला अरबी लिपीतले अंक, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. सौदीत गाडीच्या पाटीवर दोन्ही. तिथली मुलं दोन्ही वाचतात. नेपाळची मुलं देवनागरी अंकांत शिकून जगभर शिकायला जातात. दहा चिन्हांचे दोन संच ओळखणं हे सात-आठ वर्षांच्या मुलाला झेपणारं काम आहे. गोव्यातलं तेवढं मूल देवनागरी आणि रोमन या दोन आख्ख्या लिप्या शिकतच असतं, आणि वर्णमालेत तर चिन्हं कितीतरी जास्त.

कोणीतरी सभेत उठून म्हणालं की घटनेतच इंग्रजी आकडे सांगितलेत. घटनेच्या ३४३व्या कलमात संघराज्याच्या शासकीय कामासाठी 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय स्वरूप' असा उल्लेख आहे. ते कलम केंद्राच्या कामकाजापुरतं आहे, आणि त्याच कलमात सुरुवातीच्या पंधरा वर्षांसाठी देवनागरी अंकांनाही परवानगी देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिलेला होता. गावच्या शाळेने देवनागरी अंक लिहू नयेत असं त्यात कुठेही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१६ पासून काढलेल्या नव्या नोटा हातात घेऊन बघा. दहाच्या तपकिरी नोटेवर देवनागरीत १० छापलेले आहेत. खाऊला दिलेल्या त्या नोटेवरचा आकडा मुलाला शाळेत लिहायला बंदी असावी, हे मी नातीला कसं समजावू? आणि १९८७ च्या गोव्याच्या राजभाषा कायद्यात देवनागरीतली कोकणी राजभाषा आहे, मराठीच्या वापरालाही जागा ठेवलेली आहे. देवनागरी आपल्या दोन्ही भाषांची. तिची अक्षरं ठेवायची आणि तिचे अंक काढून टाकायचे, याला आधार काय?

इथे घरातली एक वस्तू सांगतो. माझ्या वडिलांचं भुसारी दुकान होतं. त्यांच्या रोजकिर्दी मी जपून ठेवल्या आहेत. लाल कापडी बांधणी, कोपरे वाळवीने खाल्लेले, शाई तपकिरी झालेली. सुरुवातीच्या वह्यांत हिशेब रुपिया आणि तांग्यांत आहे, सोळा तांग्यांचा रुपिया. साडेतीन लिहायचे असतील तर ३ पुढे दोन उभ्या रेघा, ३॥. पावाला एक रेघ, पाऊणला तीन. १९५९ मध्ये पोर्तुगीजांनी रुपिया काढून एस्कुद आणला, एका रुपियाला सहा एस्कुद. वहीत ते पान उघडं दिसतं: रकान्याच्या डोक्यावरचं नाव बदललंय, बाजूला जुन्या उधारीचे सहापट करून नवे आकडे मांडलेत. त्या पानात एक पोर्तुगीज पावती अजून चिकटलेली आहे. तिच्यावर एस्कुद आणि सेंताव यांच्या मध्ये, आपण टिंब देतो त्या जागी, उभ्या रेघा मारलेलं सिफ्रांव हे चिन्ह आहे. पुढे गोवा मुक्त झाला, भारतीय रुपया आणि नवे पैसे आले, पुन्हा रकाना बदलला. तीन चलनं आली-गेली. वहीतले अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच राहिले, १ ते ९ आणि ०.

वडील पोर्तुगीज कचेरीत 'विंत ई सिंकु' म्हणत, गल्ल्यावर गिऱ्हाइकाशी कोकणीत मोजत आणि वहीत मराठीत लिहीत. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी दुकानदारांचं असंच होतं. काहींच्या वह्या मोडीत, काहींच्या गोंयकानडी या गोव्याच्या जुन्या लिपीत. एक मोजणी शिकायची म्हणून दुसरी विसरावी लागते असं त्यांच्यापैकी कोणाला वाटलं नाही. पोर्तुगीज राजवटीत, सरकारी आधार नसताना, देवळांच्या मंडपांत भरलेल्या मराठी शाळांनी ही मोजणी टिकवली. आज आपल्या राज्यात, आपल्या पैशाने चालणाऱ्या मराठी शाळेत ती बंद होते आहे. हे लिहिताना मला खरोखर वाईट वाटतं.

इटलीतलं एक उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. भारतातून अरबांमार्फत गेलेले अंक पिसाच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये आपल्या ग्रंथात मांडले. पुढे १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत ते वापरायला बंदी केली, रोमन आकडे आणि अक्षरी रकमाच लिहायला लावल्या. तरी व्यापारी दोन्ही शिकत राहिले. नवे अंक आपल्या सोयीमुळे जिंकले, आणि रोमन आकडेही घड्याळांवर अजून आहेत. फर्मान काढून आकडे शिकवता येत नाहीत आणि विसरवताही येत नाहीत, असं वाटू शकेल. पण फ्लॉरेन्सचे सराफ मोठी माणसं होती, आमची मुलं सहा वर्षांची आहेत. त्यांना जे शिकवाल तेच राहील.

तिसरी तक्रार थोडक्यात. लाख आणि कोटी. इंग्रजी पुस्तकांतून 'हंड्रेड थाउजंड' आणि 'मिलियन' येतात. स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो. आपण हजारानंतर दोन-दोन अंकांवर देतो, १,००,०००. चिनी लोक दहा हजाराला एक नाव देतात आणि चार-चार अंकांचे गट मनात धरतात. प्रत्येक समाजाची मोठी संख्या पाहण्याची एक सवय असते आणि त्याचा सगळा व्यवहार त्या सवयीवर उभा असतो. गोव्याचं अंदाजपत्रक कोटींत मांडतात, जमिनीचे भाव लाखांत बोलतात. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली. त्यातली लाख आणि कोटी ही दोन तरी आपल्या रोजच्या तोंडी राहिली आहेत. तेवढी मुलांच्या तोंडी राहू द्या.

चौथी तक्रार पद्धतीची आहे. निर्णय आधी झाला, सभा नंतर. ज्या बाई पहिली-दुसरीला शिकवतात त्यांनाही विचारलं नव्हतं, असं त्यांच्याच बोलण्यातून कळलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षण असावं असं म्हटलं आहे. मराठी शाळाच जर गणित त्या भाषेतून काढून घेणार असेल, तर पालकांनी मूल मराठी शाळेत घालायचं कशासाठी? तुम्ही म्हणता पट घसरतोय. पटाची चिंता मलाही आहे, गावातली शाळा बंद पडलेली मला बघायची नाही. पण ज्याला इंग्रजीतूनच गणित हवं आहे तो पालक तुमच्याकडे थांबणार नाही, इंग्रजी शाळेत जाईल. जो थांबलाय तो मराठीसाठी थांबलाय. त्याला काय देणार, हा विचार करा.

पाचवीत गेल्यावर इंग्रजी गणिताशी गाठ पडते, हे तुमचं सर्वांत वजनदार कारण आहे. त्याची तयारी जरूर करून घ्या. माझं इंग्रजीशी वैर नाही. माझ्या नातीला 'फिफ्टी-सेव्हन' आणि 'सत्तावन्न' दोन्ही यायला हवेत.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

पहिली व दुसरीत संख्या मराठी नावांनी आणि देवनागरी अंकांनी शिकवाव्यात. तिसरीपासून इंग्रजी नावं आणि अंक जोडीने द्यावेत, चौथीच्या अखेरीस मुलाला दोन्हींत शंभरपर्यंत न अडखळता वाचता-लिहिता यावं. वहीत देवनागरी अंक लिहिले म्हणून कोणाचे गुण कापू नयेत. कापले असतील तर ते परत द्यावेत.

सत्तावन्न-पंचाहत्तरसारख्या घोटाळ्यासाठी शिक्षकांना मोकळीक द्यावी: सुरुवातीला 'पन्नास सात म्हणजे सत्तावन्न' असं शिकवायचं असेल तर शिकवू द्यावं. चिंचोके, मणी, दहाच्या जुड्या असं साहित्य वर्गात द्यावं. कुठल्या वयात कुठली पायरी हे शिकवणाऱ्या बाईंना जास्त कळतं.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी निदान दहापर्यंत चौथीच्या आत म्हणून घ्याव्यात, रोज पाच मिनिटं, सुरात. औटकीचा, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याचा, आग्रह मी धरत नाही. ज्या शाळांना शिक्षक कमी पडतात तिथे माझ्यासारखे लोक आठवड्यातून एक दिवस येऊन हे करायला तयार आहेत, विनामोबदला. तालावर पाढे बसवून देणं हे माझं कामच आहे.

जिथे भिंतीवरची उजळणी पुसली गेली आहे तिथे ती पुन्हा रंगवावी, शेजारी इंग्रजी आकडेही असू द्यावेत. आमच्या शाळेतला रंगाचा आणि रंगाऱ्याचा खर्च मी देतो.

आणि शेवटची मागणी: भाषेबद्दलचा असा कोणताही निर्णय घेण्याआधी पालक-शिक्षक संघाची बैठक बोलवावी, त्या वर्गाच्या शिक्षकांना बोलू द्यावं आणि ठरावाची प्रत सूचनाफलकावर लावावी. आमच्या शाळेने चतुर्थीच्या सुट्टीआधी अशी बैठक घ्यावी. मी येईन, वडिलांची रोजकीर्द बरोबर आणीन, आणि ज्यांना इंग्रजीच हवं आहे त्या पालकांचं म्हणणंही शेवटपर्यंत ऐकून घेईन. इतर गावांतल्या ज्या पालकांना हे पटतं त्यांनी आपापल्या शाळेत याच मागण्या लेखी द्याव्यात, तोंडी देऊ नयेत.

आपला,
एक तबलाशिक्षक आणि दुसरीतल्या मुलीचा आजोबा
फोंडा तालुका, गोवा